काय काय लागत नाही

इंझोरीत बौद्धवाड्याच्या तोंडाशी उभं राहून बेबीबाईचं घर विचारलं तर लोक उलट विचारायचे, "कोनती बेबीबाई? जिथलंतिथंवाली?" हे नाव गल्लीतल्या बायांनी पाडलेलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. तिच्या घरी चहा प्यायला बसलेल्या बाईनं कप खाली ठेवायचा अवकाश, बेबीबाई उठलीच म्हणून समजा. कप उचलायची, मोरीत न्यायची, विसळून फळीवर पालथा घालायची, आणि वरून ऐकवायची, "जिथलं तिथं, माय, जिथलं तिथं!" शेजारची चंदा तर म्हणायची, "हिच्या घरी बसाले भेव वाटते बाप्पा. जास्त वेय बसलं तं आपल्यालेबी उचलून फळीवर ठेवन."

बाया हसायच्या. बेबीबाईही हसायची. खरं कारण ती कोणाला सांगत नव्हती.

आता गंमत ऐका. हीच बेबीबाई केनवडहून लग्न होऊन इंझोरीला आली तेव्हा तिच्याइतकी अजागळ सून पंचक्रोशीत नव्हती. मिठाच्या बरणीत सुई सापडायची. कंगवा पिठाच्या डब्यावर. एकदा तर चपलेचा जोड उतरंडीमागं निघाला होता. तिची सासू गंगू कपाळावर हात मारून म्हणायची, "हिच्या घरात हत्ती हारपंल, आन हिले शेपूटबी दिसनार नाही!" सासूनं शिकवलं, रागावली, माहेरी निरोप धाडला, शेवटी कंटाळून देवाघरी गेली, पण बेबीबाईचा पसारा काही हलला नाही.

नवरा मात्र कधी रागावला नाही. दौलतराव गवंडी होता. मानोऱ्यापासून मंगरूळपर्यंत त्यानं घरं बांधलेली, आणि भिंत सरळ आहे का वाकडी हे तो ओळंबा लावायच्या आधीच नजरेनं सांगायचा. बेबीबाई दिवसातून दहादा ओरडायची, "अवो, माही किल्ली कुठं गेली? कात्री कुठं गेली?" आणि तो जागचा न हालता सांगायचा, "बाजेखाली पाय. उजव्या हाताले." वस्तू तिथंच असायची.

"तुमाले बरं सापडते!"

"तू हारपव, मी सापडवतो. माहे डोये हायेत ना," तो म्हणायचा.

असा त्यांचा संसार. घरात हात तिचे होते आणि डोळे त्याचे.

मग त्याच्या हातची एक भिंत वाकडी गेली. मुकादमानं सगळ्यांसमोर ओळंबा लावून दाखवला. दौलतराव घरी आला, न जेवता झोपला. हळूहळू कळलं की त्याला बाजूचं दिसत नाही. समोरचं दिसतं, पण नळीतून पाहिल्यासारखं. गावात सगळ्यांनी एकच निदान केलं, "मोतीबिंदू हाय. कच्चा असंल. पिकू द्या, मंग काढा." आपल्याकडं ही एक पक्की समजूत. आंबा जसा पिकल्यावर उतरवायचा तसा मोतीबिंदूही पिकल्यावरच काढायचा, कच्चा काढला तर डोळा जातो. बेबीबाईनंही तेच धरलं. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. ती त्याच्या डोळ्यांत वाकून वाकून पाहायची, पिकला का, पांढरा झाला का. डोळे दिसायला चांगलेच होते, काळेभोर. ती म्हणायची, "अजून कच्चाच हाय."

शेवटी अकोल्याला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईनं उजेड मारून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हा मोतीबिंदू नव्हताच. हा काचबिंदू. हा पिकत नाही. आतल्या आत नजर खातो, आणि खाल्लेली परत देत नाही. लवकर आला असता तर राहिली तेवढी वाचली असती."

परतीच्या एष्टीत खिडकीतून सोयाबीनची शेतं जात होती, आणि ती फक्त बेबीबाईलाच दिसत होती. कारंजा गेल्यावर दौलतराव म्हणाला, "अमरले सांगू नोको."

"काहून?"

"काहून म्हंजे? त्याले आत्ताच कंपनीत पक्कं केलं. लगन ठरून राह्यलं. तो कसा हाय तुले मालूम नाही का? नोकरी सोडून माह्या उशाशी येऊन बसंल. माह्या डोयापाई पोराचं वाटोयं कायले?"

अमरदीप खरंच तसाच होता. बाप बांधावरून घसरला तर हा पुण्याहून रात्रभर उभ्यानं प्रवास करून येणारा. म्हणून त्याला फोनवर एवढंच सांगितलं, बाबांना कमी दिसते, डॉक्टरनं काळा चष्मा दिला, बाकी ठीक. तेही काही साफ खोटं नव्हतं म्हणा. कमी दिसत होतं. रोज आणखी कमी. मग एका सकाळी अजिबातच दिसेना.

त्याच आठवड्यात तो पडला. बेबीबाईनं चटणी वाटून पाटा तसाच दारात सोडलेला. सवयच ती. दौलतराव मोरीकडं निघाला आणि पाट्याला पाय लागून दाराच्या चौकटीवर गेला. भुवई फाटली. ती धावली तर तो रक्तानं भरलेल्या तोंडानं हसत होता. "लागलं नाही व. जराबी नाही लागलं."

बेबीबाईनं जखमेत हळद भरली, पदराची चिंधी बांधली, आणि मग मोरीत जाऊन तोंडात बोळा कोंबून रडली. सासूनं इतकी वर्षं जे शिकवलं ते तिला त्या एका दुपारी आलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक शब्द राज्य करू लागला. लागते. आपण लागते कशाला म्हणतो? मीठ लागते, तेल लागते, पैसा लागते. जे पाहिजे ते लागते. बेबीबाईच्या घरी तो अर्थच उरला नाही. तिथं लागते म्हणजे पायाला लागते, गुडघ्याला लागते, कपाळाला लागते. ती स्वतः डोळे मिटून, अनवाणी, बाजेपासून मोरीपर्यंत चालायची. जिथं ठेच बसेल तिथं थांबायची.

"पाटा लागते."

"उचल त्याले," तो बाजेवरून म्हणायचा.

"ही बादली लागते."

"भिताडाले लाव."

"आन कनगी?"

"नाही व. कनगी लागत नाही. ते तं माह्या हाताची हाय."

कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची, शेणामातीनं लिंपलेली उंच कोठी. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात वळायच्या जागी ती सासूच्या काळापासून उभी होती. आता रेशनच्या जमान्यात तिच्यात धान्याचा दाणा नव्हता, पण दौलतरावचा हात तिच्या गोल पोटावरून फिरला की त्याला कळायचं, आता वळायचं. बाजेच्या पायथ्याशी लोखंडी पेटी होती, झाकण मोडकं, आत चिंध्या. तिच्या कडेला पोटरी टेकली की समोर दार. उंबऱ्याआधी पोत्याचा एक तुकडा, तो तळपायाला टोचला की पाय उचलायचा. आणि मागच्या दारापासून संडासापर्यंत त्यानं स्वतः आपली गवंडीकामाची लाईनदोरी ताणून बांधलेली. ज्या दोरीनं आयुष्यभर विटांच्या रांगा सरळ केल्या, तिला धरून तो आता स्वतः सरळ चालायचा.

घर असं एकदा लावून भागत नसतं, हे ज्यानं लावलं त्याला विचारा. वर्ष घरात घुसतं. एप्रिलात जयंतीच्या आधी चुना मारायचा तर सगळं सामान अंगणात. तेव्हा बेबीबाई कोळशानं जमिनीवर खुणा करून ठेवायची, कणगीचा गोल, पेटीचे चार कोपरे, आणि संध्याकाळी एकेक वस्तू त्या खुणेवर परत. पावसाच्या तोंडावर जळणाच्या गोवऱ्या आणि तुऱ्हाट्या आत घ्याव्या लागायच्या, त्या तिनं छपराखाली टांगल्या पण वाटेत येऊ दिल्या नाहीत. दिवाळीच्या सुमारास भावकीतले कोणी म्हणायचे, "वहिनी, सोयाबीनचे दोन पोते राहू द्या तुमच्या घरी," तर ही तोंडावर नाही म्हणायची आणि वाईटपणा घ्यायची. हिवाळ्यात गोधड्या निघायच्या त्या सूर्य उगवायच्या आत घडी होऊन वलणीच्या दोरीवर. नवी वस्तू घरात आणायची झाली की आधी जुनी एक बाहेर. नातेवाईक म्हणायचे, म्हातारपणी हिला स्वच्छतेचं वेड लागलं. म्हणू द्या!

आणि दौलतराव त्या घरात राजासारखा फिरायचा. स्वतः उठायचा, स्वतः मोरीत जायचा, माठातून पाणी घ्यायचा, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उदबत्ती लावायचा. चंदा ऊठबस करणारी, पण तिलाही वाटायचं, भाऊजीला अंधुक का होईना दिसत असंल. अमरदीप सुट्टीला यायचा, चार दिवस राहायचा, आणि बाप आरामात घरात फिरताना पाहून निश्चिंत परत जायचा. घर इतकं सरळ होतं की पोटच्या पोरालाही कळलं नाही, बापाला दिसत नाही. बेबीबाईला याचा अभिमान होता. तोच पुढं नडला.

त्या वर्षी धम्मचक्र दिनाच्या सुट्टीला जोडून अमरदीप आणि सुकेशनी आले. सुकेशनी म्हणजे सून, अकोल्याची पोरगी, गोड, कामाला वाघीण. सासूशी जुळवून घ्यायची तिला मनापासून हौस. सासूला टापटीप आवडते हे तिनं हेरलं होतं. तिलाही तेच वेड, फक्त तिचं मोबाइलमधून आलेलं. त्यात कोणी बाई रोज घर कसं आवरायचं ते दाखवायची. वर्षभर जे लागलं नाही ते घरात ठेवायचं नाही, हा त्या बाईचा मंत्र. सुकेशनीनं पुण्याच्या दोन खोल्या त्या मंत्रानं अशा लख्ख ठेवलेल्या की अमरदीपला स्वतःचे जुने बूटही सापडत नव्हते.

ते आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळीच केनवडहून फोन आला. बेबीबाईचा थोरला भाऊ गेला.

तिचं डोकंच चालेना. भावानं तिला बापासारखं वाढवलेलं, जायलाच हवं होतं. पण दौलतरावला सोडून ती एक रात्रही कुठं राहिली नव्हती. त्यानंच धीर दिला. "जाय व. घर माह्या हातातलं हाय. मले काय होते? आन पोरं हायेतच." अमरदीपनं गाडीवर बसवून तिला मंगरूळच्या फाट्यापर्यंत सोडायचं ठरवलं. ती पिशवी घेऊन दारात आली, डोळे सुजलेले, एक पाय चपलेत आणि एक बाहेर, तेव्हा सुकेशनी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, एक विचारू? घरात तुमाले काय काय लागत नाही, ते सांगून जा ना."

बेबीबाई थबकली. तिनं सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. तिला वाटलं, पोरीला समजलं. कशी कोण जाणे, पण समजलं. सासऱ्याला कशाकशाची ठेच लागते, कशाची लागत नाही, हे ती विचारते आहे, आपण नसताना त्याला जपायला. इतक्या वर्षांचं ओझं कोणीतरी न सांगता एका बाजूनं उचललं, असं तिला झालं. भाऊ गेल्याच्या दुःखातही तिचा जीव भरून आला.

"कनगी लागत नाही," ती घाईनं म्हणाली. "पेटी लागत नाही. थे पोत्याचा तुकडा, मांगची दोरी, थे काहीच लागत नाही बेटा. पाटा लागते. पाट्याची मातर कायजी घेजो हं."

"हो आई. मी समजली. तुमी बिनघोर जा," सुकेशनी म्हणाली.

आणि बेबीबाई खरोखर बिनघोर गेली. त्या रडारडीतही केनवडला मधूनमधून तिच्या मनात यायचं, सून मोठी गुणाची निघाली.

मागं काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. अमरदीप परत आल्याबरोबर दोघं कामाला लागले. आई येईपर्यंत घर नवंकोरं करायचं, तिला चकित करायचं. भंगारवाल्याला बोलावलं, पेटी त्याच्या गाड्यावर गेली. कणगी जुनीपुराणी, हात लावताच लिंपण गळायला लागलं. ती मोडून चुलीत घातली, दोन दिवस त्याच बांबूंवर आंघोळीचं पाणी तापलं. पोत्याचा तुकडा उकिरड्यावर. लाईनदोरी सोडून गुंडाळून त्याच भंगारात. पाट्याची काळजी घ्यायला सांगितलं होतं, म्हणून सुकेशनीनं तो घासूनपुसून स्वयंपाकघराच्या दाराशी, हाताशी येईल असा, छान मांडून ठेवला. बाजसुद्धा खिडकीखाली सरकवली, बाबांना वारा लागेल म्हणून.

दौलतराव दारापुढच्या ओट्यावर खुर्चीत बसून ते सगळं ऐकत होता. पेटी ओढत नेल्याचा आवाज त्यानं ओळखला. बांबू मोडल्याचा आवाज ओळखला. एकदाच म्हणाला, "कनगी राहू दे व बाई." सुकेशनी हसून म्हणाली, "बाबा, आईनंच सांगतलं, लागत नाही म्हणून." तेव्हा तो काय समजायचं ते समजला. आणखी बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि पोरगा दोन-चार दिवसांत नोकरीवर जाणार होता. तो खुर्चीतच बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलता बेबीबाई परतली. गल्लीतूनच तिला ओट्यावर बसलेला नवरा दिसला. तीच खुर्ची, हात मांडीवर. ती त्याच्याशी बोलणार तेवढ्यात सुकेशनी धावत आली. "आई, थांबा! डोये मिटा. उघडू नोका हं, मी म्हनल्याबिगर!" आणि तिनं मागून सासूच्या डोळ्यांवर दोन्ही हात ठेवले. पोरीच्या हाताला साबणाचा वास येत होता. ती हसत होती आणि सासूला हळूहळू आत ढकलत होती.

बेबीबाई चालली. डोळे मिटून या घरात ती शेकडो वेळा चालली होती. उंबऱ्याशी तळपायाला पोतं टोचलं नाही. तिला वाटलं, सरकलं असेल. मग तिचा हात आपोआप उजवीकडं गेला, कणगीच्या पोटावर टेकायला. हात गेला तो गेलाच. काही नव्हतं. हात हवेतच राहिला, आणि बेबीबाईचा तोल गेला. सुकेशनीनं धरलं नसतं तर पडलीच असती.

"उघडा आता!"

घर लख्ख होतं. इतकी जागा त्या घरात आहे हे बेबीबाईला कधी माहीत नव्हतं. सुकेशनी एका पायावर उभी, डोळ्यांत कौतुकाची वाट. "तुमी जे जे लागत नाही म्हनलं ना आई, ते सारं काढून टाकलं. कसं वाटते?"

बेबीबाई मोकळ्या वळणाकडं पाहत राहिली. मी म्हटलं. मीच म्हटलं. माह्याच तोंडानं. पोरीवर ओरडावं तर कोणत्या तोंडानं?

"बाबा कुठं झोपले काल?" तिनं शेवटी विचारलं.

"थे बाहीरच झोपले दोनी रात्री, खुर्चीवर. आत गरम होते म्हने," अमरदीप म्हणाला. "आन कालपासून पानीबी पेले नाही, जेवलेबी नाही. मामासाठी उपास धरला म्हने."

मामासाठी उपास! बेबीबाईला सगळं कळलं. पाणी प्यायलं तर संडासाला जावं लागेल. संडासाला जायला दोरी नाही. पोराला हात धर म्हणायचं नाही. म्हणून त्या माणसानं पाणीच सोडलं होतं. "अवो!" एवढंच ती ओरडली.

आणि तो आवाज ऐकल्याबरोबर दौलतराव खुर्चीतून उठला. दोन दिवस तो त्या आवाजाचीच वाट पाहत होता. बेबी आली म्हणजे घर आलं, असंच त्याला वाटलं असणार, नाहीतर इतका शहाणा माणूस असं कशाला करता? तो नेहमीसारखा ताठ, झपझप आत आला. उंबऱ्यावर अडखळला, तरी आला. उजवा हात त्यानं कणगीसाठी पुढं केला. हात हवेत फिरला, एकदा, दोनदा, आणखी थोडा खाली, आणखी थोडा वर. मग तो कुठं वळायचं ते न कळून तिथंच वळला, आणि त्याचा पाय पाट्यावर गेला.

अमरदीपनं त्याला अर्ध्यातच झेललं. बापाचा काळा चष्मा खाली पडला. पोराच्या तोंडापासून वीतभर अंतरावर बापाचे डोळे होते, काळेभोर, चांगले, आणि ते पोराच्या मागं भिंतीकडं पाहत होते.

"बाबा," अमरदीप म्हणाला. "बाबा, मी इकडे हाव."

दौलतराव पोराच्या हातावर तसाच रेलून होता. मग त्यानं बायकोच्या दिशेनं मान वळवली आणि एखाद्या लेकरासारखं विचारलं, "बेबी, घरी चाल ना व. कोनाच्या घरी आनून ठेवलं मले?"

पुढं जे झालं ते झालंच. सुकेशनी सासऱ्याच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडली. "मले सांगतलं का नाही तुमी? आई, मले काहून नाही सांगतलं?" बेबीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिनं त्या दिवशी आणि नंतरही कधी सुनेला बोल लावला नाही, आणि दुसऱ्या कोणाला लावूही दिला नाही. अमरदीप गाडी काढून मानोऱ्याला गेला, भंगारवाल्याच्या ढिगातून पेटी हुडकून घेऊन आला. दोरी काही सापडली नाही, नवी नायलॉनची आणली. कणगीच्या जागी त्यानं निळा प्लास्टिकचा ड्रम ठेवला. दौलतरावनं त्यावर हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि कोणाचं मन मोडू नये म्हणून म्हणाला, "झाक हाय."

पण त्याचा घरावरचा भरवसा गेला तो गेला. ज्या घरानं एकदा दगा दिला त्यात तो पुन्हा झपझप चालला नाही. हात ड्रमवर टेकला तरी विचारायचा, "हे कायचं हाय? कनगी कुठं गेली?" सांगितलं की मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. शेवटी बेबीबाईनं ड्रम हलवला आणि त्या वळणावर ती स्वतः बसायला लागली. तांदूळ निवडायचे तर तिथं, भाजी चिरायची तर तिथं. तो उठला की ती जागेवरून आवाज द्यायची, "मी हाव, मी हाव," आणि त्याचा हात तिच्या डोक्यावर टेकायचा. मग तो वळायचा. "आता सापडलं," म्हणायचा. अमरदीप नोकरी सोडायला निघालाच होता, त्याला दौलतरावनं शपथ घालून परत धाडलं.

हिवाळाभर असं चाललं. बाहेर जाणं बंद, फिरणं बंद, माणूस बाजेवरच आटत गेला. एप्रिलात जयंतीचा चुना मारायचा होता तेव्हा बेबीबाईनं सामान बाहेर काढायला कोळसा हातात घेतला, पण त्याच आठवड्यात दौलतरावला ताप भरला आणि तो गेला. जाताना त्याचा हात तिच्या डोक्यावर होता. त्या वर्षी घराला चुना लागला नाही.

सुकेशनी रोज फोन करते. चार दिवस सुट्टी काढून येते, तेव्हा सासूच्या घरातल्या काडीलाही हात लावत नाही. आई, पुण्याला चला म्हणते. बेबीबाई म्हणते, येईन, पाहू.

परवा चंदा साखर मागायला तिच्याकडं गेली. दार उघडंच होतं. आत पाहते तर बाजेवर कपड्यांचा ढीग, चपला चुलीजवळ, कंगवा पिठाच्या डब्यावर. बादली वाटेत. गोधडी सकाळपासून तशीच. स्वयंपाकघरात शिरताना चंदाच्या पायाला काहीतरी लागलं आणि ती कळवळली. दारात, बरोबर मधोमध, पाटा पडला होता, त्यावर कालची चटणी वाळलेली. बेबीबाई वळणावरच्या आपल्या जागी भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात काही काम नव्हतं.

"अवो बेबीबाई!" चंदा पाय चोळत म्हणाली. "तूच ना जिथलं तिथंवाली? हे सारं वाटंत कायले टाकून ठेवलं व माय?"

बेबीबाईनं पाट्याकडं पाहिलं, घराकडं पाहिलं.

"राहू दे चंदा," ती म्हणाली. "आता कोनाले लागते?"